सव्वापंधरा इंच

७ जानेवारी, बुधवार

ही डायरी लाकडाच्या वखारवाल्याने फुकट दिली. बायको म्हणाली, "गिऱ्हाइकांवर ओरडू नकोस. ह्यात ओरड. ही उलटून बोलत नाही."

तर ओरडतो. चपलांचं कपाट करून दिलं त्या बाई आज आल्या आणि म्हणाल्या, ह्यात आता पुस्तकं ठेवायचं ठरलंय. फक्त फळ्या हलवा, दारं काढा, आणि जरा उंच करा. म्हणजे दुसरंच करा की! हे सरळ तोंडाने म्हणायला काय होतं? आणि जाताना वर म्हणतात, "तुमच्यासाठी काय, दोन मिनिटांचं काम."

कारखान्यातली नोकरी सोडून बाबांचं बंद पडलेलं दुकान उघडलं, त्याला मार्चमध्ये वर्ष होईल. मागच्या शेडमध्ये मी, पुढच्या खोलीत बायकोचं शिलाईचं मशीन, आणि मधल्या व्हरांड्यात आई. आई पॉलिश करते. लाख आणि स्पिरिट, फडक्यात गुंडाळलेला कापसाचा बोळा, आणि बुडाखाली मी शाळेत असताना तिला करून दिलेलं स्टूल. बाबा असतानाही पॉलिश तीच करायची. बाबा म्हणायचे, लाकूड एकदाच कापलं जातं, गिऱ्हाईक दहादा बोलतं. ते हसून म्हणायचे. मला अजून हसणं जमत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

आज देवमाणूस आला! पलीकडच्या चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे ना, ते काका. साठी उलटलेली, एकटेच राहतात. दारातून वाकून आत आले, इतके उंच. खिडकीशी बसून वाचायला एक खुर्ची हवी म्हणाले. लाकूड दहा मिनिटांत पसंत. चित्र काढून दाखवलं, एका नजरेत पसंत. घड्याळवाला माणूस, सेकंदाचा हिशेब ठेवणारा. त्याचं मन डगमगेल कशाला?

बाबांच्या पद्धतीने माप घेतलं. म्हणजे गिऱ्हाइकाला लाकूड कापायच्या घोडीवर बसवायचं, पाय जमिनीला टेकवायचे, आणि गुडघ्याच्या मागच्या खळीपासून टाचेपर्यंत पट्टी धरायची. तीच बैठकीची उंची. साडेअठरा इंच! बगळा आहे माणूस.

आईने पाणी आणून दिलं. त्यांनी विचारलं, पॉलिश कोण करतं? आई म्हणाली, मी. त्यांनी तिथे ठेवलेल्या फळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्यात तोंड दिसतं." आई म्हणाली, "नीट केलं की दिसतं." एवढंच बोलणं. असं मोजकं बोलणारं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं.

१५ जानेवारी, गुरुवार

भाग्य कसलं डोंबलाचं. काका आले. खुर्चीचे हात रुंद हवेत. का? तर चहाचा कप ठेवता यावा. ठीक आहे, केले रुंद. तासाभराने परत आले. दोन्ही बाजूंना कप ठेवता यावा. अहो, तुम्हाला तोंडं किती?

हे बोललो नाही, नुसतं लिहितोय. बायको म्हणते ते खरं, डायरीत ओरडलं की घसा बसत नाही.

आपलं भिंतीवरचं घड्याळ मागे पडतं, हे आईने सहज बोलून दाखवलं. काकांनी तिथल्या तिथे स्टुलावर बसून ते उघडलं. आई शेजारी उभी राहून बघत होती. दुरुस्तीला एक तास लागला. माझा रंधा तासभर ठप्प, कारण भुसा घड्याळात जाईल म्हणे.

२० जानेवारी, मंगळवार

काकांना बैठक एक इंच खाली हवी.

मी म्हणालो, "काका, साडेअठरा तुमच्या पायाचं माप आहे."

"असू दे. जरा खाली बरी."

"खाली केली तर गुडघे वर येतील."

"येऊ देत."

आलेच आहेत तर घड्याळही बघून गेले. ते पुन्हा बिघडलंय. आई म्हणाली, पुसताना काटा फिरला हातून. आईच्या हातून! जिने आयुष्यात पॉलिशचा एक ओघळ येऊ दिला नाही, तिच्या हातून! वय होत चाललंय तिचं. बायकोला म्हटलं, आईला जरा डॉक्टरांना दाखवू या का? बायको तोंडात टाचण्या धरून बसली होती, तिला ठसका लागला. पाणी दिलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

अजून एक इंच खाली! साडेसोळा! मी त्यांना घोडीवर बसवून खाली फळी सरकवून दाखवलं, बघा, गुडघे कानाला लागतायत. ते म्हणाले, "लागू देत, कान माझेच आहेत." आई व्हरांड्यात खुदकन हसली. मला अजिबात हसू आलं नाही.

आजपासून मी त्यांचं नाव लंबक ठेवलं आहे. उंची तेवढीच, आणि सारखं इकडून तिकडे.

मापांची वही जेवणाच्या टेबलावर पडली होती. बायकोने चाळली आणि विचारलं, "ही खुर्ची कोणाची?" मी म्हटलं, लंबकाची. ती म्हणाली, "मी रोज माणसं मापते. ही मापं त्यांची नाहीत." मी म्हटलं, तेच तर त्यांना ओरडून सांगतोय! तिने कपाळावर हात मारला. मला वाटलं, चला, घरात कोणीतरी माझ्या बाजूचं आहे.

३० जानेवारी, शुक्रवार

घड्याळ चौथ्यांदा बिघडलं. मी म्हटलं, फेकून देतो, नवं आणू. आई इतकी चिडली! म्हणे, जुन्या वस्तू अशा फेकायच्या नसतात, आणि ते दुरुस्त करतायत ना.

एक लक्षात आलं. आई आधी त्यांना घड्याळवाले म्हणायची. हल्ली नुसतं "ते" म्हणते. ते आले होते का, ते काय म्हणाले. तिलाही कंटाळा आलाय बिचारीला, नाव घेववत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

आता खुर्ची नको. बाक हवा. दोघांचा!

खुर्चीचे चारही पाय तासून, खाचा पाडून तयार होते. मी पटाशी खाली ठेवली. रागात हातात पटाशी असू नये, हा बाबांचा नियम. मग शांतपणे विचारलं, "काका, तुम्ही एकटे राहता. दुसऱ्या जागेवर कोण बसणार?"

लंबकाने जमिनीकडे बघितलं. मग म्हणाले, "वर्तमानपत्र."

व्हरांड्यात आईच्या हातून स्पिरिटची बाटली पडली. आता बाटल्याही पडायला लागल्या. डॉक्टरांचं मनावर घ्यायला हवं.

वर्तमानपत्राला सागवानी बाक! जाऊ दे. बाक तर बाक. मी मनात म्हटलं, ह्याच्यापुढे माणूस आणखी काय बदलणार? आता बदलायला उरलंयच काय? आणि बाकाचं चित्र काढताना मजाही आली, खरं सांगायचं तर. पाठीला हलकी गोलाई दिली, जोडाला एकही खिळा नाही. बाबांनी बघितलं असतं तर नाक मुरडून दोन चुका काढल्या असत्या, म्हणजे आवडलं असतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

उरलं होतं. बदलायला उरलं होतं.

लंबक सकाळीच आले, इस्त्रीचा शर्ट, खिशात तो घड्याळवाल्यांचा छोटा पितळी मापक. म्हणाले, "मिस्त्री, शेवटचा बदल. बाकाची डावी बाजू साडेअठरा, तुम्ही पहिल्यांदा मापली होती तशी. आणि उजवी सव्वापंधरा."

मी म्हटलं, "काय उजवी?"

"सव्वापंधरा इंच. बरोबर सव्वापंधरा. मी मापून आणलंय."

एकाच बाकाला दोन उंच्या! मधे पायरी! मी काय जिना करतोय? वर्तमानपत्राचे पाय पोचत नाहीत का जमिनीला? हे सगळं मी बोललो. मोठ्याने बोललो. डायरी घरात होती आणि मी शेडमध्ये, काय करू? म्हटलं, चार वेळा माप बदललं, पाच वेळा चित्र बदललं, माझ्या धंद्याची थट्टा लावली आहे तुम्ही. हे घ्या तुमचं चित्र, दुसरा मिस्त्री बघा.

त्यांनी चित्राची नीट चौकोनी घडी केली आणि खिशात ठेवलं. म्हणाले, "तुमची हरकत असेल तर राहू दे."

मी म्हटलं, "हरकत आहेच! आधीपासून होती!"

ते दारातून जाताना वाकायचं विसरले. डोकं आपटलं. तसेच गेले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मोकळं वाटतंय! सकाळी एक छान रुंद फळी घेतली, रंधली, आणि तिच्यावर स्वतःच्या हाताने अक्षरं कोरली: ऑर्डर दिल्यावर बदल होणार नाही. दारावर ठोकली. चपलांच्या बाईंनी वाचली आणि आल्या पावली परत गेल्या. काय रुबाब आहे ह्या फळीचा!

आईला म्हटलं, पॉलिश मार हिला. ती म्हणाली, "वेळ नाही." रिकामी तर बसली होती.

१६ फेब्रुवारी, सोमवार

घड्याळ अगदी बरोबर चालतंय. चार दिवसांत एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. म्हणजे लंबकच बिघडवत होता!

आज एक शेल्फ द्यायचं होतं. हात लावला तर खरखरीत. आईने पॉलिशचे दोनच हात दिले होते. आई आठाशिवाय थांबत नाही, भिंतीकडे लपणाऱ्या बाजूलाही. म्हटलं, आई, हे काय? ती म्हणाली, "चालतं. कोण बघतंय?"

मला हे आवडलं नाही. ती कामाबद्दल असं कधी बोलत नाही. गुणगुणणंही बंद आहे. आता आठवतंय, महिनाभर ती गुणगुणत होती. चालू असताना कानावर आलंच नव्हतं, बंद झाल्यावर शेड मोठी वाटायला लागली. रंध्याचा आवाज सुद्धा एकटा पडल्यासारखा येतो.

बायकोला विचारलं, आईचं काय बिनसलंय? ती म्हणाली, "तू सुतार आहेस ना? मोजून बघ." आणि मशीन जोरात चालवायला लागली. ही माझ्याशी तीन दिवस धड बोललेली नाही. मी केलंय काय?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येतंय, येऊ दे.

दुपारी आईच्या स्टुलाचा एक पाय डुगडुगायला लागला. तिने मुकाट आणून ठेवलं आणि आत जाऊन पडली. मी जुना पाय काढला. नवा करायचा तर माप हवं, म्हणून पट्टी लावली आणि वहीत लिहिलं. बैठकीची उंची सव्वापंधरा.

लिहिलं, पेन्सिल कानावर ठेवली, लाकूड शोधायला उठलो. चार पावलं गेलो आणि थांबलो. परत आलो. परत मोजलं. सव्वापंधरा. उभ्या जगात सव्वापंधरा इंचावर कोण बसतं? आई बसते. ती बुटकी आहे. शाळेत असताना बाबांच्या देखरेखीखाली मीच तिच्या गुडघ्यामागे पट्टी धरली होती. पाच वेळा तासलं होतं तेव्हा, तिचे पाय टेकेपर्यंत.

मग सगळं धडाधड कोसळलं अंगावर. दोन कप! घड्याळाचा काटा! बाटली! "ते"! मी गाढव आहे. शिक्का मारलेला, प्रमाणपत्र असलेला गाढव. इंचाचा आठवा भाग मला दिसतो, आणि आई दिसली नाही.

पळत बायकोकडे गेलो. म्हटलं, सव्वापंधरा! तिने मशीन थांबवलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, "एक महिना दहा दिवस. मला वाटलं होतं, दोन महिने तरी लागतील तुला."

"तू सांगितलं का नाहीस?"

"आईंनी शपथ घातली होती. म्हणाल्या, त्याला स्वतःला कळू दे, आणि मग तो काय करतो ते बघू."

राग आला का? खरं लिहायचं तर आला, थोडा. बाबांची खुर्ची, बाबांचा रंधा, आणि मधेच हा लांबलचक माणूस पितळी मापक घेऊन. शेडमध्ये जाऊन बसलो. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं आईने रोज आमच्यासाठी दोन वेळा टेबल मांडलं, आणि तिला शेवटचं कोणी विचारलं होतं की तुझे पाय टेकतात का? ह्या माणसाने विचारलं नाही, तिचं स्टूल मापून आणलं. आणि मी काय म्हटलं? हरकत आहे म्हटलं! आधीपासून होती म्हटलं!

आता मला भीती वाटतेय. ते पुन्हा येतील असं मी काही शिल्लकच ठेवलेलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दुकान उघडायच्या आधीच जाऊन चौकात उभा राहिलो. ते आले. कपाळावर टेंगूळ, माझ्या दाराचं.

म्हटलं, "काका, चित्र द्या. चुकून तुम्हाला दिलं."

त्यांनी खिशातून काढलं. नऊ दिवस खिशातच होतं. म्हणाले, "मिस्त्री, मला घड्याळाचं बोलता येतं. तुमच्याकडे येऊन खुर्चीचं बोलायला शिकलो. बाकीचं बोलायला जमलं नाही."

"आईला विचारलंत का?"

"नाही."

"नाही?"

"म्हटलं, आधी बसायची सोय करू. मग विचारू."

माझे आई! म्हणजे आईने अजून होही म्हटलेलं नाही! मी रस्त्यातच हसायला लागलो, तेही हसायला लागले, पाववाला बघत राहिला. दोन बावळट, एकाच चित्राला धरून. मी म्हटलं, सतरा दिवस द्या. आणि तोवर दुकानात येऊ नका, नाहीतर घड्याळ पुन्हा बिघडेल.

२५ फेब्रुवारी, बुधवार

पाय झाले, डावे उंच, उजवे बुटके. सगळे जोड एका फटक्यात बसले. मी शीळ वाजवतोय, बायको म्हणते, नको वाजवूस, शेजारी घाबरतात.

३ मार्च, मंगळवार

आज बाक व्हरांड्यात नेऊन ठेवला. आईने त्या दोन्ही उंच्यांवरून हात फिरवला. मग विचारलं, "कोणाचा?"

"घड्याळवाल्यांचा."

"किती हात देऊ?"

"तुला वाटतील तेवढे."

तिने बोळा हातात घेतला. संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. बाक उलटा करून, जिथे मुंगीसुद्धा बघायला जाणार नाही त्या बुडालाही ती पॉलिश मारत होती. मी आत येऊन तोंड धुतलं. डोळ्यांत भुसा गेला होता असं बायकोला सांगितलं, तिने ऐकून घेतलं.

आई गुणगुणतेय!

८ मार्च, रविवार

काय दिवस! सगळं लिहून काढतो, नाहीतर झोप लागायची नाही.

हातगाडीवर बाक घालून निघालो. मी ओढतोय, बायको मागून ढकलतेय, आई बाजूने चालतेय. "पॉलिशला ओरखडा येईल, लक्ष द्यायला हवं," म्हणून ती येतेय. नवी साडी नेसून लक्ष द्यायला!

काकांची खोली दुकानाच्या वर. खिडकीशी जागा रिकामी करून ठेवलेली, झाडून पुसून लख्ख. दोन कप मांडलेले, शेजारी चहाची किटली. भिंतीवर अकरा घड्याळं, सगळी एकसाथ टिकटिकतायत, आणि माझं काळीज त्यांच्याहून जोरात. बाक बसला, इंचाला इंच.

काका डावीकडे बसले. गुडघे कानाला लागले नाहीत. मग उजवीकडच्या जागेवरून हात फिरवला आणि आईकडे न बघता म्हणाले, "ही तुमच्या मापाची आहे. बसून बघता का? घाई नाही. आज नाही तर... पण रोज बसता आलं तर मला बरं वाटेल."

अकरा घड्याळं.

आई बसली. पाय अगदी बरोबर टेकले. तिने पाठ टेकवली, समोर बघितलं, मग वळून काकांकडे बघितलं. कपाळाला आठी पडली. उठली. पुन्हा बसली. पुन्हा उठून उभी राहिली.

"मला पसंत नाही," ती म्हणाली.

काकांचा चेहरा उतरला. बायकोने माझा दंड धरला.

"अशी बसले तर मला ह्यांचा खांदा दिसतो," आई म्हणाली. "मी आयुष्यभर खांद्याशी बोलायचं का? एकसारखा कर."

"आई," मी म्हटलं, "तुझे पाय लोंबकळतील."

"लोंबकळू देत. पाय माझेच आहेत."

काका हसायला लागले, आणि हसताना त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. आई त्यांच्या शेजारी बसली, चिडल्यासारखं तोंड करून, आणि दोन कपांत चहा ओतायला लागली. तिच्याच घरात असल्यासारखी.

मी म्हटलं, "आई, दारावरची फळी वाचली आहेस ना? ऑर्डर दिल्यावर बदल होणार नाही."

"मी कुठे ऑर्डर दिली होती?" ती म्हणाली. "आत्ता देतेय."

उतरताना जिन्यातच बायको हसून हसून पायरीवर बसली. बाक पुन्हा हातगाडीवर. बुटक्या बाजूला नवे पाय करायचे, ठिगळ लावायचं नाही. सगळं सोडवायचं, पुन्हा जोडायचं, पुन्हा पॉलिशचे हात, आठाऐवजी अकरा. असलं गिऱ्हाईक दुसरं कोणी असतं तर मी दाराबाहेर काढलं असतं.

१४ मार्च, शनिवार

बाक सरळ झाला. उद्या देणार. आईची पेटी भरून झाली आहे, बाकाबरोबर तीही तिकडे राहायला जातेय. पॉलिशला रोज सकाळी येणार म्हणाली, चौक काही लांब नाही. स्टूल इथेच ठेवून जातेय.

तरी पाय लोंबकळायला नकोत. म्हणून हिशेब केला: साडेअठरा वजा सव्वापंधरा, सव्वातीन इंच. उरलेल्या पायांचे अडीच इंचाचे चार तुकडे होते, आणि पाऊण इंच जाडीची एक चांगली फळी दारावर होती. ती काढली. चौरंगासारखी छोटी चौकी करायला घेतली, पाय टेकायला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

अक्षरं खालच्या बाजूला ठेवून ठोकणार, एवढ्यात आई आली. फळी हातात घेतली, वाचली, पुन्हा वाचली.

"अक्षरं वर ठेव," ती म्हणाली. "आण इकडे. पुसली जायला नकोत, चार हात जास्त देते."